खरं परीक्षण ‘ता. क.’मध्ये आहे

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी २७ वर्षांचा, नाशिकला राहतो, आयटीत काम करतो. लहानपणापासून व्हिडिओ गेमचं वेड आहे. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ या गेमचं परीक्षण लिहितोय. संपादक काका आधी म्हणाले, ‘पोराटोरांच्या खेळाचं कसलं परीक्षण?’ मग म्हणाले, ‘बरं लिही, पण आमच्यासारख्याला कळेल असं. आठशे शब्द.’ मसुदा सोबत जोडलाय. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच तो सपक वाटतोय.

गेम मी एकट्याने पूर्ण केला. शेवटच्या काही खास लेव्हल्स सोडल्या तर सोपा गेला. मग सोपा म्हणून गुण कापायचे का? सध्या दहापैकी आठ दिलेत. तांत्रिक शब्द टाळले तर मित्र हसतील, वापरले तर काका परत पाठवतील. गेममधल्या गमती किती फोडायच्या? किंमत लिहायची का?

आपला,
‘आठ की नऊ’, नाशिक

ता. क. : घरच्यांबरोबर एकदा खेळून बघितला, पण जमलं नाही. दादाचा मुलगा सहा वर्षांचा आहे. तो मरू नये म्हणून त्याला नॅबिट हे सोपं पात्र दिलं होतं. आपल्याला हत्ती होता येत नाही हे कळल्यावर त्यानं जे भोकाड पसरलं! पुतणी अकराची, ती आपली पुढे पळत सुटलेली. वहिनी म्हणाली, ‘यात मी कुठली तेच दिसत नाहीये,’ आणि कंट्रोलर ठेवून उठली. अर्थात हे काही लेखात घेतलेलं नाही.

उत्तर

प्रिय ‘आठ की नऊ’,

घ्या ते लेखात. तेच तर घ्यायचं आहे.

तुमचा मसुदा मी वाचला. ‘मनमोहक ग्राफिक्स’, ‘श्रवणीय संगीत’, ‘खिळवून ठेवणारा गेमप्ले’ आणि ‘आबालवृद्धांनी आनंद घ्यावा असा गेम’. यातून गेमचं नाव खोडा आणि दुसऱ्या कुठल्याही रंगीबेरंगी गेमचं नाव लिहा. एक शब्दही बदलावा लागणार नाही. सपक लागतोय तो यामुळे. बरं, ‘आबालवृद्धांनी’ असं लिहिणाऱ्या माणसाच्या घरातला बाल रडत होता आणि वहिनी उठून गेल्या होत्या. ते तुम्ही पाहिलंत आणि ताज्या कलमात ढकलून दिलंत. मसुद्याच्या सातशे-आठशे शब्दांत नाही इतका माल त्या चार-पाच ओळींत आहे.

हा गेम खोक्यापासून जाहिरातीपर्यंत ‘सगळ्यांनी मिळून खेळा’ असं सांगत येतो. मग परीक्षकानं आधी तपासायचं ते हेच. घरातला सगळ्यात कच्चा खेळाडू या गेममध्ये कसा वागवला जातो? ग्राफिक्स, संगीत, कथा हे सगळं त्यानंतर.

आपल्याकडे लपाछपीत धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ करून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही, पण खेळात असतो. ‘वंडर’मधला नॅबिट आणि चार रंगांचे योशी हे तसलेच कच्चे लिंबू. निवडायला एकूण बारा पात्रं आहेत आणि त्यांतल्या या पाच जणांना शत्रूच्या धक्क्यानं काही होत नाही. खड्ड्यात पडले तर मात्र तेही जातात. म्हणजे ‘मरत नाही’ हे तुमच्या पुतण्याला सांगितलेलं अर्धंच खरं होतं. लेखात ते पूर्ण सांगा, कारण अंक वाचून एखादी आजी नातवाला तेच सांगेल आणि पहिल्याच दरीत तोंडघशी पडेल.

आता त्या रडण्याकडे येऊ. ‘वंडर’ची जाहिरात आठवा. पोस्टरवर काय आहे? हत्ती झालेला मारिओ. हत्तीचं फळ खाल्लं की मारिओ हत्ती होतो, सोंडेच्या फटक्यानं विटा फोडतो, शत्रूंना उडवतो, सोंडेत पाणी भरून फवारतो. सहा वर्षांचं मूल हा गेम हातात घेतं ते त्या हत्तीसाठी. आणि सहा वर्षांच्या मुलासाठी म्हणून जी पात्रं खास सोपी केलीत, नेमकी तीच हत्ती होऊ शकत नाहीत. नॅबिट आणि योशी कुठलंच रूप बदलत नाहीत. बुडबुडे सोडणारं नाही, डोक्यावर ड्रिल चढवणारं नाही, हत्तीचंही नाही. गेमचं म्हणणं असं की सुरक्षित राहा, पण मुख्य गंमत शेजारच्याची बघा. तुमच्या पुतण्यानं गेममधला सगळ्यात मोठा दोष तुमच्या आधी शोधला. तुम्ही एकटे, मारिओ घेऊन खेळलात, तुम्हाला तो दिसणारच नव्हता.

असं का केलं असेल, यावरही दोन ओळी लिहा. परीक्षणात नुसती तक्रार असू नये. इजा न होणाऱ्या पात्राला हत्तीचं बळही दिलं तर त्याला कशाचीच धास्ती उरत नाही, असा विचार असावा. हा तर्क मोठ्यांना पटेल. सहा वर्षांच्या मुलाला धास्ती नकोच असते, त्याला सोंड हवी असते. शिवाय पात्र आणि सोपेपणा एकाच गाठीत बांधायची गरजही नव्हती. ‘सेलेस्ट’ हा २०१८चा गेम अवघड म्हणून नावाजलेला, पण त्यात मदतीचे पर्याय वेगळ्या यादीत आहेत. वेग कमी करा, मरण बंद करा, पात्र तेच राहतं. ‘सुपर मारिओ ओडिसी’तही २०१७ साली खुद्द मारिओलाच मदतीचा मोड होता. म्हणजे मारिओचे गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीला हे येत नाही असं नव्हे.

यावर घरात एक उपाय करून बघता येईल, आणि तो लेखातही उपयोगी पडेल. योशी तुम्ही घ्या आणि मारिओ पुतण्याला द्या. एकत्र खेळताना दुसऱ्याला योशीच्या पाठीवर बसता येतं. अवघड दरी आली की पाठीवर घ्या, पलीकडे उतरवा. तो हत्तीही होईल. इथे बॅजचा भागही सांगा. खेळताना एकेक बॅज मिळत जातात. कुणी टोपीचं पॅराशूट करतो, कुणी भिंतीवर चढायला मदत करतो. त्यातला एक खड्ड्यात किंवा लाव्हात पडल्यावर उसळी देऊन वर काढतो. लहानांसाठी तो सोन्यासारखा. पण एका टीव्हीसमोर बसून खेळताना बॅज सगळ्यांना मिळून एकच निवडायचा असतो. पुतण्यासाठी तो लावला की पुतणीला तिचा आवडता सोडावा लागतो. अकरा वर्षांची मुलगी तो किती वेळ सोडेल, हे तुम्ही तुमच्या घरचं बघून लिहा.

पुतणी पुढे पळत होती, ही दुसरी नोंद. २००९ साली निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्रावर आलेला ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’ तुम्ही खेळला असाल. त्यात चौघं एकमेकांना आदळायचे, डोक्यावर उडी मारायचे, उचलून चक्क दरीत फेकायचे. मित्रांत धमाल यायची, भावंडांत हाणामारी. ‘वंडर’मध्ये पात्रं एकमेकांच्या आरपार जातात, त्यामुळे ती भांडणं मिटली. मेलेल्याचं भूत होतं आणि त्यानं पाच सेकंदांत कुणा जिवंत साथीदाराला स्पर्श केला की तो परत येतो. हा फार चांगला बदल आहे, तुमच्या मसुद्यात त्याचा उल्लेखही नाही. पण कॅमेरा एकच. एकाच्या डोक्यावर मुकुट असतो, कॅमेरा त्याच्यामागे जातो. मुकुट पुतणीकडे आणि ती सुसाट, म्हणजे मागे राहिलेला पडद्याबाहेर जातो, भूत होऊन तिच्याकडे तरंगत येतो, पुन्हा उभा राहतो, पुन्हा मागे पडतो. मागच्याला खेळायला मिळतं ते एवढंच. गेमनं धक्काबुक्की काढली, फरफट ठेवली.

आणि वहिनी! ‘मी कुठली तेच दिसत नाहीये.’ तुमच्या मसुद्यात ‘रंगांची मुक्त उधळण’ असे शब्द आहेत. वहिनींनी त्याच उधळणीची दुसरी बाजू एका वाक्यात सांगितली. परीक्षणात ‘रंगीत’ हा गुण म्हणून लिहायचा नसतो. रंग काय काम करतो ते लिहायचं. धावत-उड्या मारत जायच्या गेममध्ये पडद्यावरची प्रत्येक गोष्ट क्षणार्धात ओळखू यावी लागते. उभं कशावर राहता येईल, लागेल कशानं, खायचं काय आणि नुसतं मागचं चित्र कुठलं. तुम्ही इतकी वर्षं खेळताय, तुमचे डोळे हे आपोआप निवडतात. नवख्याला सगळं सारखंच ठळक दिसतं. त्यात चार पात्रं, बोलणारी फुलं, नाणी, आणि वंडर फूल घेतल्यावर अख्खी लेव्हलच वेडीविद्री होते. एकट्यासाठी हा गेम सुवाच्य आहे, चौघांत तो गजबजतो. हे तुम्हाला पटत असेल तर लिहा, पटत नसेल तर का नाही ते लिहा. पण ‘मुक्त उधळण’ काढून टाका.

चित्रांचं कौतुक करायचंच असेल तर एखादी वस्तू बोटावर धरून दाखवा. मारिओ पाइपात शिरतो तेव्हा त्याची टोपी क्षणभर बाहेर राहते आणि आतून हात येऊन ती ओढून घेतो. जेमतेम एक सेकंदाचा प्रकार, खेळावर त्याचा काही परिणाम नाही, तरी कुणीतरी बसून तो रेखाटलाय. एवढं एक लिहिलंत तर ‘मनमोहक’ लिहायची वेळ येत नाही.

तुमचा मुख्य प्रश्न सोपेपणाचा. ‘सोपा’ हा शब्द एकट्यानं वाक्यात येऊ देऊ नका. कुणाला सोपा, ते शेजारी हवं. खोक्यावर युरोपच्या पेगी मंडळाचं ३ हे चिन्ह असतं, अमेरिकेच्या ईएसआरबीचं ‘ई’ असतं. दुकानदार ते बोट ठेवून दाखवतो आणि घेणाऱ्याला वाटतं की तीन वर्षांचं मूल हा खेळू शकेल. ते चिन्ह फक्त मजकुराबद्दल असतं, म्हणजे हिंसा, शिवीगाळ, भीतिदायक दृश्यं वगैरे. खेळता येईल का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा, तुमच्या लेखाचा एवढ्यावर उपयोग होईल.

मग अवघडपणाचा अंदाज वाचकाला कशावरून द्यायचा? गेम स्वतःच मदत करतो. लेव्हलमध्ये शिरण्याआधी ताऱ्यांत तिची कठीणता दिसते, एकपासून पाचपर्यंत. पूर्वीसारखं वेळेचं बंधन नाही, त्यामुळे आजोबा रमतगमत जाऊ शकतात. प्रत्येक जगातली प्रत्येक लेव्हल करावीच लागते असं नाही. लेव्हल पार केली की वंडर बीजं मिळतात, ती लागतील तेवढी जमली की पुढे जाता येतं. म्हणजे कमी ताऱ्यांच्या लेव्हल्स घरच्यांनी, पाच ताऱ्यांच्या तुम्ही रात्री एकट्यानं, अशी वाटणी होते. खास जगातल्या ज्या लेव्हल्सनी तुम्हाला घाम फोडला त्यांचा उल्लेख एका वाक्यात उरका. दिवाळी अंकाच्या वाचकांतले फार थोडे तिथवर जाणार आहेत. उलट ‘सर्च पार्टी’च्या लेव्हल्सबद्दल लिहा. अदृश्य विटा शोधत जागच्या जागी उड्या मारायच्या, हे एकट्याला कंटाळवाणं. चौघांत मात्र आरडाओरडा करत मजा येते. तिथे वेगाला किंमत नसते, त्यामुळे सहा वर्षांचाही कामाला येतो. तुम्ही मसुद्यात या लेव्हल्सना ‘वेळकाढू’ म्हटलंय. चौघांत खेळून पुन्हा ठरवा.

हो, पुन्हा खेळावं लागेल. या वेळीही तुम्ही कंट्रोलर घ्या, पण तोंड बंद ठेवा. ‘आता उडी मार, आता मार’ असं शेजारून ओरडणारा काका असला की गेम काय शिकवतो ते कळतच नाही. १९८५च्या पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल आठवा. एक अक्षर न लिहिता ती शिकवते. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचं ते कळलं. समोरून एक मशरूमसारखा प्राणी चालत येतो. काही केलं नाही तर मारिओ मरतो, मग खेळणारा उडी शिकतो. प्रश्नचिन्हाच्या विटेखाली डोकं आपटलं की मशरूम बाहेर पडतं, उजवीकडे जातं, पाइपाला आपटून परत आपल्याकडेच येतं. घाबरून टाळू म्हटलं तरी बहुतेकांच्या अंगावर येतंच, आणि मग कळतं की ते चांगलं असतं. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो खेळ रचला. तेच तेझुका ३८ वर्षांनी, २० ऑक्टोबर २०२३ला आलेल्या ‘वंडर’चे निर्माते आहेत, दिग्दर्शन शिरो मोउरी यांचं. तेव्हा परीक्षकानं विचारायचं ते असं : ती बिनशब्दांची शिकवण्याची कला अजून शिल्लक आहे का? वहिनींना कुणी न सांगता काय काय कळलं आणि कुठे अडलं, याची कागदावर नोंद करा. मराठी किंवा हिंदीत हा गेम नाही. बोलणारी फुलं बोलतात ती परकी भाषा, बॅजची माहितीही इंग्रजीतून वाचावी लागते. मराठी शाळेत पहिलीत असलेल्या पोराला किती अडतं? माझा अंदाज, खेळताना फारसं नाही, बॅज निवडताना बरंच. तुम्ही प्रत्यक्ष बघून लिहा.

ही १९८५ची लेव्हल मी उगाच काढली नाही. तुमच्या काकांना कळेल असं लिहायचं ना? नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे गेम मिळत, ते बहुतांशी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या यंत्राच्या नकला होत्या. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’ असा धादांत खोटा आकडा, आणि आत तोच मारिओ. आज चाळिशीत असलेल्या किती जणांनी मे महिन्याच्या सुट्टीत शेजाऱ्यांकडे तो खेळलाय! त्यांना ‘प्लॅटफॉर्मर’ म्हटलं तर कळणार नाही, ‘तो उड्या मारणारा मारिओ’ म्हटलं की बोटं आपोआप हलतील. तिथून सुरुवात करा. एकदा सांगा की धावायचं, उड्या मारायच्या, खड्डे आणि शत्रू चुकवत झेंड्याच्या खांबापर्यंत पोचायचं, अशा गेमना प्लॅटफॉर्मर म्हणतात. मग पुढे बिनधास्त तो शब्द वापरा. काकाही खूश, मित्रही. ‘को-ऑप’, ‘हिटबॉक्स’, ‘मेटा’ यांपैकी पहिल्याऐवजी ‘मिळून खेळणं’ लिहा, बाकीचे दोन लागणारच नाहीत.

तांत्रिक लिहायचंच तर उडीबद्दल लिहा. अशा गेममध्ये खेळाडू सतत काय करत असतो? उडी मारतो. तीच फसली तर बाकी सगळं रंगरंगोटी. बटण नुसतं टेकवलं तर लहान उडी, दाबून धरलं तर उंच. पळत येऊन मारली तर लांब. हवेत असताना दिशा किती वळवता येते? उतरल्यावर पाय किती घसरतो? काही गेम कडेवरून पाय सुटल्यानंतरही निमिषभर उडी मान्य करतात, कारण माणसाचं बोट नेहमी जरा उशिरा पडतं. ‘सेलेस्ट’मध्ये हे मुद्दाम केलेलं आहे. हे सगळं साध्या मराठीत सांगता येतं आणि ज्यानं आयुष्यात कंट्रोलर धरला नाही त्यालाही कळतं. तुमच्या मसुद्यात उडी हा शब्द एकदाही आलेला नाही. मारिओच्या परीक्षणात!

त्याऐवजी मारिओला आवाज देणाऱ्या कलाकारावर मात्र पूर्ण परिच्छेद आहे. चार्ल्स मार्टिनेट थांबले, केविन अफगाणी आले, हे खरं आहे. तुमच्या मित्रांना त्यात रस असेल, काकांना नाही. अर्ध्या वाक्यात संपवा.

आता एक परिच्छेद मी तुमच्या वतीनं लिहून बघते. तपशील तुमच्या पत्रातले, बाकीचे तुम्ही भरा :

‘मिळून खेळताना पहिलं भांडण झालं ते हत्तीवरून. सहा वर्षांच्या पुतण्याला आम्ही नॅबिट दिला, कारण शत्रू त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. पण नॅबिट हत्ती होत नाही. शेजारी मी मारिओ घेऊन सोंडेनं विटा फोडत होतो आणि तो नुसता बघत होता. हत्ती हवा असेल तर मारिओ घ्यावा लागतो, मारिओ घेतला की शत्रू लागतात, आणि शत्रू लागले की पुन्हा रडू. लहान मुलं असलेल्या घरांनी हे आधीच माहीत करून घ्यावं : ज्या चित्रासाठी मूल हट्ट धरेल, ते सोप्या पात्रांच्या वाट्याला येत नाही.’

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, आणि गेम घ्यावा की नाही हे ठरवायला वाचकाला मदत झाली. असे आणखी दोन परिच्छेद हवेत, एक पुतणीचा नि एक वहिनींचा. मग उडीचा एक, आणि सुरुवातीचा तो पिवळ्या कॅसेटचा. आठशे शब्द तिथेच भरतात.

गमती किती फोडायच्या, याचं उत्तर सोपं आहे. ‘वंडर’चा सगळा जीवच त्या फुलात आहे, प्रत्येक लेव्हलमध्ये ते घेतलं की काहीतरी भलतंच घडतं, आणि काय घडेल ते माहीत नसण्यातच मजा. एखादीच गंमत फोडा, तीही सुरुवातीची. पहिल्याच लेव्हलमध्ये पाइप जिवंत होऊन अळीसारखे वळवळायला लागतात, ती चालेल. किंवा पिरान्हा रोपं रांगेनं गात निघतात ती. पुढच्या जगांतली एकही नको. तुमच्या मसुद्यात त्यांची यादीच आहे, ती पूर्ण काढा. दोष मात्र फोडायला हरकत नाही. राजवाड्यांतला सामना पुन्हापुन्हा खलनायक बाउझरच्या मुलाशी, बाउझर ज्युनिअरशीच होतो आणि तो दर वेळी थोडाच वेगळा असतो, ही तुमची तक्रार रास्त आहे. फुलांच्या बाबतीत इतकी कल्पकता दाखवणाऱ्यांनी इथे हात आखडता का घेतला, हा प्रश्न तसाच विचारा.

तुलनेला दोन गेम पुरेत. सप्टेंबर २०२४मध्ये आलेला प्लेस्टेशन ५वरचा ‘अॅस्ट्रो बॉट’ असाच रंगीत, असाच गोड, त्या वर्षीचा द गेम अवॉर्ड्सचा सर्वोत्कृष्ट गेम. पण तो एकट्यानं खेळायचा. घरात दोन मुलं असतील तर कंट्रोलर फिरवत बसावं लागतं. आणि २०२१चा ‘इट टेक्स टू’ दोघांनीच खेळायचा, तोही रंगीत, पण त्यातले आईबाप घटस्फोट घ्यायला निघालेले आहेत. मुखपृष्ठ बघून पोरांसाठी आणला तर संध्याकाळ अवघड जाईल. तिन्ही गेमना लोक सरसकट ‘फॅमिली गेम’ म्हणतात. तिघांत केवढा फरक आहे, तो तुमच्यासारख्यानंच सांगायचा.

गुणांचं म्हणाल तर दिवाळी अंकात आकडा हवाच असा काकांचा आग्रह आहे का? नसेल तर देऊ नका. असेल तर एक आकडा देऊन भागणार नाही. एकट्यानं खेळण्याचा वेगळा आणि चौघांनी खेळण्याचा वेगळा द्या. तुमचं पत्र वाचून मला वाटतं पहिला नऊ असेल आणि दुसरा सहा-सातच्या आसपास. पण तो तुमच्या घरच्यांनी ठरवावा.

किंमत लिहा, पण जपून. निन्टेन्डोची आपल्याकडे अधिकृत विक्री नाही. जे मिळतं ते आयात केलेलं, दुकानागणिक वेगळ्या भावाचं, वॉरंटीही दुकानदार देईल तेवढीच. दिवाळी अंक वर्षभर वाचनालयात फिरतो, रुपयांतला आकडा महिन्याभरात शिळा होईल. अमेरिकेतली छापील किंमत ६० डॉलर होती तेवढी द्या आणि इथला भाव दुकानात विचारा म्हणावं. मात्र लपलेला खर्च नक्की लिहा. हा गेम निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या यंत्रावर चालतो. साध्या स्विचबरोबर जॉय-कॉन या छोट्या कंट्रोलरची एक जोडी येते, ती आडवी धरली की दोघांचे दोन कंट्रोलर होतात. तिसरा आणि चौथा बसायचा असेल तर आणखी एक जोडी घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नसते. स्विच लाइट असेल तर कंट्रोलर सुटे होतच नाहीत, त्यामुळे मिळून खेळायला ते वेगळे घ्यावे लागतात, आणि ते यंत्र टीव्हीलाही जोडता येत नाही. चौघं त्या तळहाताएवढ्या पडद्यात डोकी घालून बसणार का, हे घेण्याआधी ठरवलेलं बरं. ही माहिती लेखाच्या शेवटी चौकटीत टाका, म्हणजे काका शब्दसंख्येत धरणार नाहीत.